साळिंदरबुवांचे खडे

जंगलातले प्राणी आजारपणात एकमेकांना काढे सुचवायचे, तेव्हाची ही गोष्ट. तिथे रीतच होती, की ज्याच्या काढ्याचं नाव घ्यायचं, त्याच्या दारात एक खडा टाकायचा.

साळिंदरबुवांच्या दारात खड्यांची रास होती. जुन्या काढ्यातलं एखादं पान बदलून नवा काढा जाहीर करायचा, असे त्यांनी चाळीस काढे केले होते. रोज सकाळी ते खडे मोजत. वानरं काढा न चाखताच त्याच्यावर बोलत आणि खडा टाकून जात. "या काढ्याने अंगाला खाज सुटते," असं सांगत फिरणारं अस्वलही रीतीप्रमाणे खडा टाकून गेलं. बुवांनी तोही मोजला. अधूनमधून ते स्वतःच स्वतःचं नाव घेत आणि खडा टाकत.

एकदा बुवांच्या पोटात जोराचा मुरडा आला. बायकोने विचारलं, "अहो, चाळीसांतला कुठला देऊ?"

"कुठलाच नको!" बुवा कळवळले. "सशीणआजीकडची ती मुळी आण."

मुळी चावली आणि तासाभरात बुवा उठून बसले. दुसऱ्या दिवशी एक चांगलासा खडा निवडून ते आजीकडे गेले. तिच्या दारात एकही खडा नव्हता.

"आजी, त्या मुळीचं नाव काय?"

"कुणाला ठाऊक! दुखलं की येतात, बरं वाटलं की पळतात."

बुवांनी खाली पाहिलं. आजीच्या दाराशी येणारी पायवाट इतकी तुडवलेली होती, की तिच्यावर गवताचं पातंही नव्हतं. ते खडा ठेवायला वाकले.

"तिथे नको रे बाबा," आजी म्हणाली, "येणाऱ्याच्या पायाला टोचेल."