द्वारकाकाकूंची दुलई

व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब इंगवले दुबईच्या सहलीहून परत निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ विलायती दारूच्या चार बाटल्या होत्या. माणशी दोनच आणता येत होत्या. म्हणून त्यांनी सहलीतल्या द्वारकाकाकूंची बॅग परस्पर उघडली. काकूंनी लेकीच्या बाळासाठी हौसेनं घेतलेली मऊ दुलई काढून हॉटेलच्या नोकराला देऊन टाकली आणि तिच्या जागी दोन बाटल्या कोंबल्या.

मग ते काकूंना म्हणाले, "दुलया आपल्या गावातही मिळतात. विमानतळावर कुणी विचारलं, तर बाटल्या माझ्याच आहेत म्हणायचं. सहलीत तुमची वर्णी मी लावली, हे विसरू नका."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंबईत कस्टमच्या साहेबानं विचारलं, तेव्हा "माझ्याच" एवढंच म्हणाल्या.

बाहेर मंडळाच्या कार्यकर्त्यांनी रावसाहेबांना हार घातला, शाल पांघरली. रावसाहेब काकूंच्या कानाशी कुजबुजले, "बाटल्या गुपचूप माझ्या गाडीत ठेवा."

"माझ्या बाटल्या तुमच्या गाडीत कशाला?" काकू हळूच म्हणाल्या. "तुमच्या असतील, तर इथेच देते, सगळ्यांसमोर. हार जरा बाजूला करा आणि हात पुढे करा."

रावसाहेबांनी मुकाट्यानं हात जोडले.

"मग त्या माझ्या मोरीत ओतीन," असं म्हणत काकूंनी त्यांच्या खांद्यावरची शाल उतरवून घेतली. "आणि बाळाला पांघरायला ही चालेल."

अध्यक्षांनी मानाची शाल गरजू बाईला दिली, असं समजून कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या.