कवठूला घर मिळेना

एक गाव होते. गावात देऊळ होते. देवळात देवापुढे दगडी कासव होते.

येणारा प्रत्येक जण आधी कासवाला नमस्कार करी. पाठीवर फूल ठेवी, कुंकू लावी, आणि मग देवाकडे जाई.

दगडी कासवाला ऊन लागत नाही. त्याला भूक लागत नाही. त्याला नमस्कार पुरतो.

ही गोष्ट त्या कासवाची नव्हे. ही गोष्ट जिवंत कासवाची.

त्याचे नाव कवठू. कवठाएवढा गोल, कवठासारखा भुरा. पण पाठ अजून मऊ.

कवठू रानात राही, एका बिळात. बीळ लहान; पण त्याचे स्वतःचे.

एके सकाळी रानात नांगर फिरला. घर्र, घर्र, घर्र. खालची माती वर आली. वरची माती खाली गेली. कवठू वाचला. बीळ बुजले.

वाटेने माळीण चालली होती. डोक्यावर फुलांची पाटी. तिने कवठूला पाहिले. उचलले. पाटीत ठेवले.

"आजपासून तू माझा," माळीण म्हणाली. "माझ्या बागेत राहा."

बाग देवळामागे होती. माळिणीने घंगाळ आणले. घंगाळात पाणी भरले. कासव म्हटले की पाणी. देवळातल्या कासवावरही रोज तांब्याभर पाणी पडे. मग माळीण तरी दुसरे काय करणार?

डुबुक. कवठू पाण्यात.

"मावशी, मला काढ," कवठू म्हणाला. "मी पाण्याचा नाही. मी मातीचा."

"कासव, आणि मातीचे? काहीतरीच."

"मावशी, नाकात पाणी गेले."

माळिणीने त्याला काढले. पदराने पुसले. "बरे बाबा. मग तुला काय हवे?"

"खड्डा हवा. खड्ड्यावर छप्पर हवे. मला आत शिरता यावे. कावळ्याला शिरता येऊ नये."

चिंचेवर कावळा बसला होता. त्याचा डोळा कवठूच्या मऊ पाठीवर होता.

"काव," कावळा म्हणाला.

माळिणीने कुदळ घेतली. कुदळीचा दांडा मोडला होता.

"दांड्यावाचून मी खणू कशी? सुताराला सांगून आठ दिवस झाले. त्याचा 'उद्या' काही उजाडत नाही. जा, तूच सांग त्याला."

तिने कवठूच्या पाठीवर जास्वंदीचे फूल ठेवले. हात जोडले. "नमस्कार हो, कूर्मदेवा."

कवठू म्हणाला, "नमस्कार पोचला. घर पोचले नाही."

आणि कवठू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

जास्वंद त्याला फार आवडे. पण फूल पाठीवर आणि तोंड पुढे. फूल काही खाता आले नाही.

सुतार पिंपळाखाली बसला होता. कवठू म्हणाला,

"सुतारदादा, सुतारदादा, दांडा तास.
माळीण खड्डा खणेना.
कवठूला घर मिळेना."

सुतार म्हणाला, "तासतो की. पण ही तासणी पाहा. हिला धार नाही. हिने लोणीसुद्धा कापले जायचे नाही. लोहार बसला आहे आरामात. धार काढील तर शपथ. जा, त्याला सांग."

त्याने कवठूच्या पाठीवर कुंकू लावले. हात जोडले. "नमस्कार हो, कूर्मदेवा."

कवठू म्हणाला, "नमस्कार पोचला. घर पोचले नाही."

आणि कवठू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

कावळाही निघाला. तो पिंपळावर बसला. "काव."

लोहार भट्टीपाशी बसला होता. भट्टी गार होती. कवठू म्हणाला,

"लोहारमामा, लोहारमामा, धार काढ.
सुतार दांडा तासेना.
माळीण खड्डा खणेना.
कवठूला घर मिळेना."

लोहार म्हणाला, "सुताराने मला आळशी म्हटले असेल. म्हणू दे. मला हात किती? दोन. एका हाती सांडशी, एका हाती हातोडा. मग भाता कोण ओढणार? भाता ओढते लोहारीण. ती आज इकडे फिरकलीच नाही. जा, तिला सांग."

त्याने कवठूच्या पाठीला अंगारा लावला. हात जोडले. "नमस्कार हो, कूर्मदेवा."

कवठू म्हणाला, "नमस्कार पोचला. घर पोचले नाही."

आणि कवठू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

कावळाही निघाला. तो लोहाराच्या छपरावर बसला. "काव."

लोहारीण घरात होती. तिच्या कडेवर बाळ होते. बाळ रडत होते. ट्यँहा, ट्यँहा. कवठू म्हणाला,

"लोहारीणमामी, लोहारीणमामी, भाता ओढ.
लोहार धार काढेना.
सुतार दांडा तासेना.
माळीण खड्डा खणेना.
कवठूला घर मिळेना."

लोहारीण म्हणाली, "कडेवर बाळ, आणि भाता ओढू? कशाने ओढू? पायाने? आजोबा ओवी म्हणतात, तेव्हा हे गप्प होते. आज आजोबा तोंड उघडत नाहीत. जा, त्यांना सांग."

तिने कवठूच्या पाठीला हळद लावली. एका हाताने नमस्कार केला. दुसऱ्या हातात बाळ होते. "नमस्कार हो, कूर्मदेवा."

कवठू म्हणाला, "नमस्कार पोचला. घर पोचले नाही."

आणि कवठू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

आता ऊन कलले होते. कावळा छपराच्या कडेला आला. "काव, काव."

आजोबा ओट्यावर बसले होते. दोन्ही कानांवर दोन्ही हात. कवठू म्हणाला,

"आजोबा, आजोबा, ओवी म्हणा.
लोहारीण भाता ओढेना.
लोहार धार काढेना.
सुतार दांडा तासेना.
माळीण खड्डा खणेना.
कवठूला घर मिळेना."

"काय?" आजोबा म्हणाले.

कवठूने सगळे पुन्हा सांगितले. शब्द चुकवला नाही.

आजोबा म्हणाले, "ओवी म्हणायची म्हणजे सूर लागावा लागतो. या आरडाओरड्यात सूर लागतो होय? मी काय खुळखुळा आहे? आधी बाळाला हसू दे. मग मी म्हणेन. जा, त्याला सांग."

त्यांनी कानांवरचे हात काढले. ते जोडले. "नमस्कार हो, कूर्मदेवा." आणि हात पुन्हा कानांवर ठेवले.

कवठू म्हणाला, "नमस्कार पोचला. घर पोचले नाही."

आणि कवठू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

कावळा खाली उतरला. तो अंगणात आला. एक उडी. दुसरी उडी.

लोहारिणीने बाळाला गोधडीवर ठेवले होते. बाळ रडत होते. ट्यँहा, ट्यँहा, ट्यँहा. कवठू गोधडीवर चढला. तो म्हणाला,

"बाळा, बाळा, हास ना.
आजोबा ओवी म्हणेनात.
लोहारीण भाता ओढेना.
लोहार धार काढेना.
सुतार दांडा तासेना.
माळीण खड्डा खणेना.
कवठूला घर मिळेना."

बाळाला बोलता येत नव्हते. त्यामुळे त्याने 'जा, त्याला सांग' म्हटले नाही. त्याला नमस्कारही येत नव्हता. त्याने हात पुढे केला आणि पाठीवरचे फूल ओढले.

फूल पडले. नेमके कवठूच्या तोंडापुढे पडले.

कवठूने ते खाल्ले. कचक मचक, कचक मचक.

बाळ पाहत राहिले.

मग बाळाने एक बोट कवठूच्या नाकाला लावले.

सुळकन. डोके आत.

बाळ गप्प झाले. डोके गेले कुठे?

थोडा वेळ गेला. हळूच, डोके बाहेर.

पुन्हा बोट. सुळकन. डोके आत. हळूच, डोके बाहेर.

आणि बाळ हसले. खुदुखुदु, खुदुखुदु.

आजोबांनी कानांवरचे हात काढले. आता 'नाही' कसे म्हणणार? त्यांनी सूर लावला.

"देवा, तुझे देणे
एवढीशी पाठ
चाले त्याची वाट
लुटुलुटु."

बाळ आजोबांच्या मांडीवर गेले. लोहारिणीचे हात मोकळे झाले. तिने पदर खोचला. भाता ओढला. सूंऽ फस्स, सूंऽ फस्स. भट्टी लाल झाली.

लोहाराने सांडशी धरली, हातोडा उचलला. ठण ठण, ठण ठण. तासणीला धार आली.

"आळशी म्हणाला होता ना?" लोहार म्हणाला. "चल, त्याच्या हातातच देतो."

कवठू पुढे निघाला. मागे लोहार, त्याच्यामागे लोहारीण, तिच्यामागे आजोबा, आणि आजोबांच्या खांद्यावर बाळ. कवठूला ओलांडून कोणी गेले नाही. कावळा दुरूनच चालला.

सुतार पिंपळाखालीच होता. लोहाराने त्याला तासणी दिली.

"उशीर झाला," सुतार म्हणाला.

"तुझे आठ दिवस. माझा एक," लोहार म्हणाला. "मोज आणि गप्प बस."

सुतार गप्प बसला. त्याने लाकूड घेतले. खप खप, खप खप. बाभळीचा दांडा तयार झाला. त्याने तो कुदळीत बसवण्यासाठी उचलला आणि तोही निघाला.

कवठू पुढे. सगळे मागे. लुटुलुटु, लुटुलुटु.

माळीण बागेत उभी होती. सुताराने दांडा ठोकून बसवला. माळिणीने कुदळ उचलली.

खच्च खच्च, खच्च खच्च.

वीतभर खोल खणले. दीड वीत रुंद खणले. लोहार ढेकळे फोडू लागला. सुतार दगड वेचू लागला. लोहारिणीने छपरासाठी अरुंद तोंडाचे मडके आडवे ठेवले, निम्मे मातीत, निम्मे वर. मडक्याचे तोंड उगवतीकडे केले. आजोबांनी वाळका पाला आणला. आत पसरला. बाळाने एक पान तोंडात घातले. ते काढून घ्यावे लागले.

माळिणीने दाराशी परळ ठेवला. परळात पाणी ओतले. बुडण्यापुरते नव्हे, पिण्यापुरते.

मग ती सरळ उभी राहिली. ती म्हणाली,

"बाळ हसले.
आजोबांनी ओवी म्हटली.
लोहारिणीने भाता ओढला.
लोहाराने धार काढली.
सुताराने दांडा तासला.
मी खड्डा खणला.
कवठू, हे तुझे घर."

कवठूने घराकडे पाहिले. मान लांब केली. माती हुंगली. एक पाय आत ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा. चौथा. शेपूट आत गेले.

कावळा खाली आला. मडक्याशी गेला. त्याने चोच मारली.

टक.

पुन्हा मारली. टक टक.

मडके वाजले. कवठूला काही झाले नाही. कावळ्याने मान वाकडी केली, दोन उड्या मारल्या आणि तो उडून गेला.

सगळे तिथेच उभे राहिले. माळीण हळू आवाजात म्हणाली, "सकाळी मी म्हटले, हा माझा. म्हटले, आणि पाण्यात टाकला. मग फूल घातले आणि उन्हात धाडला."

"आम्हीही धाडला," सुतार म्हणाला.

"कासव आणले म्हणजे पाळले, असे मला वाटले," माळीण म्हणाली. "आणले सकाळी. पाळले आत्ता."

आजोबा म्हणाले, "शब्दही असाच असतो, बाई. देतो एका क्षणात. पाळायला दिवस लागतो."

माळीण खाली वाकली. तिने मडक्याच्या तोंडाशी कान नेला.

"कवठू, घर कसे आहे?"

उत्तर आले नाही.

"कवठू, माती मऊ आहे ना? पाला पुरला ना?"

उत्तर आले नाही.

लोहारीण वाकली. लोहार वाकला. सुतार गुडघ्यांवर बसला. आजोबांनी बाळाला खाली धरले. सगळ्यांनी आत पाहिले.

डोके आत. पाय आत. शेपूट आत. कवठू निजला होता.

ज्याला घर मिळाले, त्याचे देव भले करो. ज्यांनी दिले, त्यांचे हात देव चालते ठेवो.