होड्यांच्या शेळ्या

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात एक पंतोजी राहत. त्यांनी भागाकाराचा पाठ एका लांबलचक कापडावर चितारला होता. होड्या सारख्या वाटून धक्क्यांना लावायच्या, की झाला भागाकार! गावची पोरं तो हसतखेळत शिकत. गावोगावचे शिक्षकही येत, कापड डोळे भरून पाहत आणि रिकाम्या हातांनी परत जात.

"कुणाला किंमतच नाही," पंतोजी कुरकुरत.

घरात नुकतीच आलेली सून बोलायची कमी, पण तिचं लक्ष सगळीकडे असायचं.

एके दिवशी डोंगरातली एक मास्तरीण आली. राजाचा तपासनीस तिच्या पोरांना भागाकार विचारणार होता आणि पोरांना उत्तरं आली नाहीत, तर शाळेला कायमचं कुलूप लागणार होतं. झोळीत रंग होते, कोरं कापड होतं, तरी ती नुसती बघत उभी.

"बाई, उतरवून घ्या ना," सून हळूच म्हणाली.

"कशी घेऊ? दुसऱ्याचं काम परवानगीवाचून उतरवायचं नाही, असा राज्याचा कायदा आहे. इथे तर परवानगीचं अक्षरही नाही."

सून ओसरीवर बसलेल्या पंतोजींकडे गेली. "मामंजी, लोक तुमच्या परवानगीअभावी परत जातात."

"मी कुठे कुणाला नाही म्हटलं?"

"हो तरी कुठे म्हटलंत?"

पंतोजींनी डोकं खाजवलं. "बरं, घेऊ दे. पण माझं नाव?"

"ते राहीलच. तशी अटच घालू."

"आणि पंतोजी," मागोमाग आलेली मास्तरीण चाचरत म्हणाली, "आमच्या पोरांनी होडी कधी पाहिलेली नाही. होड्यांच्या जागी शेळ्या काढल्या तर?"

"माझ्या होड्यांच्या शेळ्या?" पंतोजी कडाडले. "अहो, एकेक शीड रंगवताना डोळे गेले माझे!"

सुनेनं आलेलं हसू गिळलं. "मामंजी, डोंगरात आधी खाडी शिकवायची, मग होडी, मग भागाकार. तोवर शाळा बंद. आपल्याला होडी शिकवायचीय की हिशेब?"

पंतोजी कापडाजवळ जाऊन आपल्या शिडांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच कुंचला बुडवून काठावर लिहिलं, 'कुणीही उतरवून घ्या, हवं तसं बदला, वाटा. मूळ कुणाचं ते लिहा आणि तुमचंही असंच मोकळं ठेवा.'

तपासणीच्या दिवशी पंतोजी सुनेला घेऊन डोंगर चढले. "शेळ्या तरी धड काढल्यात का, बघू!"

तपासनीसाने सगळ्यात लहान मुलीला उभं केलं. "तेवीस शेळ्या, पाच गोठे. सारख्या वाट."

"एकेका गोठ्यात चार. तीन उरल्या."

"त्यांचं काय करायचं?"

"बाहेर ठेवल्या तर लांडगा खाईल. मी नेते घरी!"

तपासनीसाला हसू आवरेना. मग एकामागून एक पोरं धडाधड उत्तरं देत गेली. त्याने आणलेलं कुलूप मुकाट्याने पिशवीत टाकलं आणि अंगणात हलगी कडाडली. सगळ्यात मोठ्याने 'शाब्बास!' ओरडले ते पंतोजी.

एवढ्यात पलीकडच्या गावचा शिक्षक पुढे आला. "बाई, हा पाठ आम्हाला..."

मास्तरणीने तोंड उघडण्याआधीच पंतोजी गरजले, "विचारता काय? न्या की! शेळ्या नसतील तर म्हशी काढा!"

तात्पर्य: विद्या मोकळी करायची, तर 'नाही' न म्हणणं पुरत नाही, 'घ्या, बदला, वाटा' असं स्पष्ट सांगावं लागतं.