बरं म्हणणारा डोह

एकदा काय झालं, ऐका. तान्या, पाय पांघरुणात घे आधी, नाहीतर सांगायची नाही.

माळावर एक धनगरवाडा होता. खाली काळा डोह. तिथं पाणी भरताना कुणी तोंड उघडत नसे, बरं का. बाया घागर बुडवायच्या नि ओठ मिटूनच माघारी यायच्या. कारण तुम्ही स्वतःला जे म्हणाल, ते डोह खरं मानायचा.

वाड्यावर ठकू नावाची एवढीशी पोर होती. एकदा डोहापाशी तिची घागर सांडली. रडवेली झाली, रीत विसरली नि म्हणाली, "मी मेली वेंधळीच!"

पाण्यातून आवाज आला, "बरं."

मग काय! हातात घेईल ते पडायला लागलं. ताक सांडलं, पीठ सांडलं. दुसऱ्या दिवशी डोहाशी वाकायला गेली नि चटकन मागं सरली. म्हणाली, "मी भित्री." डोह म्हणाला, "बरं." मग ठकू घरच्या कुत्र्यालाही भ्यायला लागली. बहिणी फिदीफिदी हसल्या. तशी ती काठावर जाऊन मुसमुसली, "मी कुणाच्याच कामाची नाही."

"बरं. मग मी ठेवून घेतो."

ठकूनं वाकून पाहिलं. पाण्यात आभाळ होतं, झाड होतं. ठकू नव्हती.

धावत घरी आली. आईनं सगळ्यांना भाकरी वाढली, हिला नाही. "आये, मी हितं हाय!" आई तिच्या आरपार बघत चुलीत काटक्या सारत राहिली. अगं बाई, काय झालं असेल त्या पोरीच्या जिवाचं!

तेवढ्यात एक कोकरू येऊन तिच्या पोटाला ढुशी द्यायला लागलं. त्याची आई मेलेली. ठकूनंच त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. ठकूनं डोळे पुसले, कोकरू उचललं नि डोह गाठला.

"वेंधळी ना तू?" डोहानं विचारलं.

"घागर सांडते माझी. बोळ्यातलं दूध नाही सांडलं कधी."

"भित्री ना?"

"भ्यालेय. तरी आले ना?"

"कुणाच्या कामाची?"

ठकूनं कोकरू पुढं धरलं. कोकरूच ओरडलं, "बँऽऽ!"

मग डोहाच्या तळातून, "...बरं." आणि पाण्यात ठकूचं तोंड हळूच वर आलं.

घरी आई कडाडली, "कुठं उलथली होतीस गं?" नि तिला पोटाशी धरून रडली. मग सगळी सुखानं राहिली. घागर अजून सांडते, सांडू दे.

निजा आता. तान्या, सकाळी पाटी फुटल्यावर 'मी ढच आहे' म्हणालास ना? आता तुला काय येतं ते माझ्या कानात सांग नि झोप. जरा मोठ्यानं सांग. कोपऱ्यातल्या माठात पाणी आहे, त्यालाही ऐकू जाऊ दे.