उतारावरचा भाऊ

घाटात नुकता डांबरी रस्ता झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. रंगरावांनी आपल्या मध्यम ताकदीच्या पिकअपला फरश्यांनी भरलेला अवजड ट्रेलर जोडला. चढावर तिचं इंजिन तापलं, तसा ट्रेलर मागून कळवळून म्हणाला, "ताई, तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

माथ्यावर रंगरावांनी विचारलं, "थोडा माल इथं उतरवू का?"

"नको, मालक. भावाला नेईन मी," पिकअप म्हणाली.

उतार लागला आणि ट्रेलर मागून रेटू लागला.

"अरे, हळू! माझे ब्रेक जळताहेत!"

"मग मधे कशाला येतेस?" ट्रेलर खेकसला.

पुढच्या वळणाखाली खोल दरी होती. मालक वाचावेत म्हणून पिकअपनं डोंगराच्या कड्यावर तोंड आपटून घेतलं. रंगराव धडपणे उतरले आणि आधी मागे धावले. एकही फरशी तडकली नव्हती. त्यांनी देवाला हात जोडले आणि दुसरी गाडी मागवली.

नव्या गाडीनं विचारलं, "हिला काय झालं?"

"अंगात जोरच नव्हता तिच्या," ट्रेलर म्हणाला.

पिकअपनं ते ऐकलं. तिनं हॉर्न वाजवून पाहिला, पण त्याची तार तुटली होती.