अकरा चलनं आणि एक दूधवाला

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे आला, तो फळंफुलं घेऊन नव्हे, वाहतूक पोलिसांची अकरा चलनं घेऊन. गुरू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दाढी आणि आश्रम येत असेल, तर तो विचार सोडा. हे गुरू ड्रायव्हिंग स्कूलचे निवृत्त मास्तर होते. अर्ध्या तालुक्याला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं, आणि हा रंगनाथ त्यांचा सर्वांत हुशार आणि सर्वांत उतावळा विद्यार्थी.

रंगनाथ आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या सहा पेशंटना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेत असे. त्यावर त्याचं घर चालायचं. गाडीचा विमा दोन दिवसांत संपत होता, आणि विमा नसलेल्या गाडीला दवाखाना दारातही उभं करणार नव्हता. सिग्नल तोडणं, वेग, चालवताना फोन, असे त्याचे पराक्रम पाहून दोन कंपन्यांनी केव्हाच हात वर केले होते.

"मास्तर, एजंटने मार्ग काढलाय," रंगनाथ म्हणाला. "अर्जात चालक म्हणून बायकोचं नाव टाकायचं. तिच्यावर एकही चलन नाही."

"असेल कसं? ती गाडी चालवते का?"

"लायसन आहे की! कधीमधी दारातून मागे-पुढे करते. तिसऱ्या कंपनीतले साहेब तुमचे विद्यार्थी आहेत. तुम्ही फक्त शब्द टाका."

"टाकतो की. चल," मास्तर म्हणाले, आणि लगेच चपला घालून निघाले. रंगनाथला वाटलं, सुटलो बुवा!

ऑफिसात साहेब उठून मास्तरांच्या पाया पडले. मास्तर निवांत बसले. त्यांनी रंगनाथच्या हातातला अर्ज घेतला, बायकोचं नाव खोडलं आणि तिथे रंगनाथचं लिहिलं. अकराच्या अकरा चलनं टेबलावर मांडली. एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले? "आणि मार्चमधला दूधवाला राहिला," ते म्हणाले. "गाडी मागे घेताना ह्याने त्याची मोटारसायकल पाडली. बिचाऱ्याचा पाय मोडला. आपसांत मिटवलं, म्हणून कुठे नोंद नाही."

ही गोष्ट रंगनाथने एकट्या मास्तरांना, विश्वासाने सांगितली होती. "मास्तर, तुम्ही मला तारायला आलात की बुडवायला?" तो म्हणाला.

साहेबांनी सगळे कागद सावकाश वाचले. मग म्हणाले, "बाईंचं नाव असतं तर मी आज हसत पॉलिसी दिली असती, आणि अपघात झाल्यावर भरपाई नाकारली असती. असे अर्ज इथे रोज येतात. आता निदान मी कोणाचा विमा उतरवतोय हे मला कळलं. हप्ता जवळजवळ दुप्पट पडेल. वेगाची नोंद ठेवणारं यंत्र गाडीत बसवावं लागेल. चालेल?"

"चालेल? अहो साहेब, पळेल!"

"पळू नये म्हणूनच यंत्र आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला.

बाहेर चहाच्या टपरीवर रंगनाथला रडूच कोसळलं. इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो उतरला. मास्तरांनी त्याला पोटभर रडू दिलं. मग म्हणाले, "रागावला होतास, ते साहजिक आहे. पण विचार कर. विमा वाईट दिवसासाठी असतो. त्या दिवशी स्टीअरिंगवर तू असणार, मागे ते सहा जीव असणार, आणि कागद मात्र म्हणणार की गाडी बायको चालवते. जिला संरक्षणाची गरज नाही तिला तू ते मिळवून देत होतास. गरज तुला आहे, तू जसा आहेस तशाला. माणूस आपला जो भाग दडवतो ना, त्यालाच नेमकं कोणाचं छत्र मिळत नाही. मी शब्द टाकला तो खऱ्या रंगनाथसाठी. खोट्यासाठी माझा शब्द नव्हता."

रंगनाथचा चहा निवून गेला होता, तो त्याने तसाच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट गाडीत बसले. पुढच्या सीटवरच्या शेवंतामावशींनी आधी तेच विचारलं, "झालं का रे कागदाचं? आमच्या जिवाला घोर."

"झालं मावशी. सगळं खरं सांगून झालं."

गाडी घाटाला लागली. वळणं आली, मागून हॉर्न वाजले, दोन ट्रक पुढे निघून गेले. रंगनाथने जाऊ दिले. थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नकोस. दोन वर्षं झाली तुझ्या गाडीत बसते, पण घाटात कधी डोळे मिटायचा धीर झाला नाही."

रंगनाथने चमकून आरशात पाहिलं. मागे पाचही जण गाढ झोपले होते. मावशींकडे वळून तो काही बोलणार, तोवर त्यांचाही डोळा लागला होता.