शिळे आकडे

“दार माझं, कुलूप माझं, मग किल्ली दुसऱ्याच्या घरात कशी, बाबा?”

जमालशा फकीर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसलं दार?”

“ईमेलचं अकाउंट. मोबाइलमधलं.”

“मग तसं सांग. मी म्हटलं घरात चोरी झाली का काय.”

विचारणारा उद्धव सोळुंके. पुण्यात कंपनीत मोठा साहेब. कॉम्प्युटरमध्ये चोर शिरू नयेत म्हणून कुलपं बसवायची, हीच त्याची नोकरी. गाडी डोंगराच्या पायथ्याला लावून वर तकियापर्यंत, फकिरांच्या ह्या मठीपर्यंत, चढून आला होता आणि चढल्याचा राग आमच्यावर काढत होता. बसायला पोतं टाकलं तर म्हणाला, उभाच बरा.

शिकलेल्या माणसाला खाली बसायला जड जातं. चाळीस वर्षं फकिरांच्या तकियावर पाणी भरतोय, हेच बघत आलोय.

“पासवर्ड विसरलास,” फकीर म्हणाले.

“पंधरा वर्षांपूर्वीचा. कुणाच्या लक्षात राहील? विसरलं की कंपनी आकडा पाठवते. ओटीपी म्हणतात. तो घातला की उघडतं.”

“मग घाल.”

“तो माझ्या फोनवर येत नाही ना! अकाउंट काढलं तेव्हा आमच्या घरात एकच मोबाइल होता. तोच नंबर दिलेला.”

“कुणाचा?”

उद्धव डोंगराखाली बघायला लागला.

“त्या माणसाचा.”

त्या माणसाला नाव होतं. अंकुश. उद्धवचा सख्खा थोरला भाऊ. खाली बोरगावात सायकलींचे पंक्चर काढतो. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई गेली तेव्हा उद्धव जर्मनीत होता. पोचला तोवर राखसुद्धा गार झालेली. सगळ्या भावकीसमोर अंकुश म्हणाला, “पाहुणे आलेत, पाणी द्या त्यांना.” उद्धव म्हणाला, “अडाण्याच्या तोंडी मी लागत नाही.” पाणी न पिता गेला.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. दोघांच्याही कानाखाली वाजवायला पाहिजे होती. पण वाजवणारी गेलेली होती.

“आत काय आहे?” फकिरांनी विचारलं.

“आहे काहीतरी.”

“काहीतरीसाठी कुणी डोंगर चढत नाही.”

...

“आईचा आवाज आहे. तिला लिहिता येत नव्हतं. ती त्या मोबाइलमध्ये बोलायची आणि तो मला पाठवून द्यायचा. चौदा वेळा बोलली.”

“काय बोलली?”

उद्धवने रुमालाने मान पुसली.

“मी विचारलं, काय बोलली?”

“दोन ऐकलेत.”

“आणि बारा?”

“तेव्हा कामाचा रेटा होता. म्हटलं, सावकाश ऐकू. मग ती गेली... मग धीर झाला नाही.”

एक शेंग फुटली. दुसरी फुटली.

“आज धीर आला?”

“आज शेवटचा दिवस आहे, बाबा. अकाउंट वापरात नाही म्हणून उद्या सगळं पुसून टाकणार आहेत. महिन्यापूर्वीच कळवलं त्यांनी.”

“महिनाभर काय केलंस?”

“आठवतील ते शब्द घालून पाहिले. रोज थोडेच घालू देतात. नाही जमलं की ‘आकडा पाठवा’ हे बटण दाबायचो.”

“आकडा तर तिकडं जातो.”

“माहीत आहे.”

“मग दाबायचास कशाला?”

मी चहा ठेवला. कुणी मागितला नव्हता, पण माणूस गप्प झाला की मला चहा सुचतो.

मग उद्धव खरं काम बोलला. एवढ्यासाठीच आला होता.

“बाबा, तुम्ही त्याला फोन लावा. मी इथून बटण दाबतो. आकडा आला की तेवढा विचारून घ्या. माझं नाव सांगू नका. दहा मिनिटांत घालावा लागतो, नाहीतर मरतो.”

“दहा मिनिटांत?”

“त्याच्यापुढं एक सेकंद नाही.”

फकीर उठले. आत गेले. तंबाखूचा एक जुना डबा घेऊन आले आणि उद्धवच्या हातात दिला.

“उघड. ह्याला पासवर्ड नाही.”

डब्यात चिठ्ठ्या होत्या. एक कॅलेंडरच्या कागदाची, एक एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर, एक औषधाचं खोकं फाडून. प्रत्येकीवर निळ्या पेनाने सहा आकडे. खाली तारीख, वेळ. अक्षर मोठं, दाबून काढलेलं. कागद मागून फुगला होता.

“हे काय?”

“अंकुश आणून देतो. सतरा झालेत.”

“तुम्हाला?”

“तुझ्यासाठी. म्हणाला, बाबा, फोनवर आकडा येतो. वरचं इंग्रजी कळत नाही. पण ह्या नंबरावर दुसरं कोण आठवण काढणार? उद्धवच असणार. आईचं बोलणं मागत असेल. माझ्याकडं तो यायचा नाही, तुमच्याकडं येईल. आला की एवढं द्या.”

“मग मला फोन करायचा.”

“तुझा नंबर कुठं आहे त्याच्याकडं? तू बदललास.”

...

“त्यानं नाही बदलला,” फकीर म्हणाले. “त्या फोनची बॅटरी फुगलीय. वायर काढली की मरतो, म्हणून भिंतीलाच लावून ठेवलाय. त्यावर कुणी फोन करत नाही. दुसरा घे म्हटलं तर म्हणतो, उद्धवकडं हाच नंबर आहे. आकडा वाजला की लिहून घेतो आणि दुकान उघडं टाकून वर येतो.”

उद्धवने चिठ्ठ्या पोत्यावर ओतल्या. एकेक उचलली. आणि हसला. मला त्या हसण्याचा राग आला, खोटं कशाला सांगू.

“अहो, हे सगळे मेलेले आहेत! तो दुसऱ्या वळणाला पोचायच्या आत प्रत्येक आकडा मेलाय. सतरा वेळा डोंगर चढला? मेलेले आकडे घेऊन? ह्याला अडाणी म्हणू नको तर काय म्हणू?”

फकीर परत शेंगांकडे वळले.

उद्धव चिठ्ठ्या परत डब्यात टाकायला लागला. एका चिठ्ठीपाशी त्याचा हात थांबला. औषधाच्या खोक्याची होती ती. मला माहीत होतं तीवर काय आहे. आकड्याखाली अंकुशने लिहिलं होतं:

‘गुडघा धरला. उशीर झाला. चालवून घे.’

उद्धव ती चिठ्ठी धरून उभा राहिला. चहा उतू गेला.

“आज दाबलंस का बटण?” फकिरांनी विचारलं.

“पायथ्याशी आलो तेव्हा. तास झाला.”

“मग निघाला असेल.”

मी कठड्यापाशी जाऊन पाहिलं. खालच्या वळणावर पांढरी टोपी दिसत होती. काठी टेकायची, चार पावलं चालायचं, थांबायचं. पुन्हा चार पावलं.

“येतोय,” मी म्हटलं.

उद्धव दोन पावलं मागं सरला. “इथं? त्याला कुणी सांगितलं मी आलोय?”

“कुणी नाही,” फकीर म्हणाले. “तो माझ्याकडं येतोय, अठरावी चिठ्ठी घेऊन.”

“त्याच्या हातातलाही मेलेला असणार.”

“असेल. माणूस तर जिवंत येतोय ना?” फकिरांनी पोत्यावर हात थापटला. “बस. तो आला की दोघं खाली जा. तुझी गाडी आहे. त्याच्या भिंतीपाशी बस आणि बटण दाब. आकडा येईल तेव्हा ताजा असेल. एवढंच आहे ते.”

“त्याच्या घरी?”

“फोन तिथंच आहे.”

“पाहुणा म्हणून जाऊ?”

फकिरांनी त्याच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

उद्धव येरझाऱ्या घालायला लागला. मग खिशातून मोबाइल काढला.

“आजची पासवर्डची एक संधी उरलीय. मला आठवतंय आता. आईचं नाव आणि घर बांधलं ते साल. तेच असणार.”

“चुकलं तर?”

“चोवीस तास कुलूप. मग आकडासुद्धा पाठवत नाहीत.”

“आणि उद्या?”

“उद्या आत काही उरणार नाही. पण चुकणार नाही, बाबा. हेच माझं काम आहे.”

“थांब, उद्धव.”

“तो यायच्या आत होईल.”

“अर्धा डोंगर चढला तो. थांब.”

नाही थांबला. बोटं भराभर चालली. मी त्याच्या मागेच उभा होतो, चहाचा कप घेऊन. पडद्यावर लाल अक्षरं आली. इंग्रजी होती, मला ती वाचता आली नाहीत. पण त्याची मान बघून कळलं.

त्याने पुन्हा दाबलं. लाल. पुन्हा दाबलं.

मग तो खाली बसला. पोत्यावर नाही, मातीत.

“काय झालं?” मी विचारलं.

“बंद झालं.”

“कधी उघडेल?”

त्याने मान हलवली.

मी असतो तर म्हणालो असतो, सांगत नव्हते का बाबा? फकीर तसं म्हणाले नाहीत. मोबाइलचा उजेड आपोआप विझला, पडदा काळा झाला. उद्धव त्यात स्वतःचं तोंड बघत बसला.

काठीचा आवाज जवळ आला.

अंकुश वर पोचला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता. टोपी भिजलेली, चपलेचा एक अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला. त्याने आधी फकिरांना हात जोडले. मग मातीत बसलेला माणूस दिसला.

...

नऊ वर्षं. मला वाटलं, आता शिवी येणार. मी किटली बाजूला सरकवली.

अंकुशने मूठ पुढे केली. उघडली. घामाने ओली झालेली चिठ्ठी.

“घे,” तो म्हणाला. “आत्ताच आलाय. घाल लवकर.”

उद्धवने चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली.

“दादा, बस आधी.”

“मी बसतो रं. तू घाल. येळ लागला का लई? मधी गुडघ्यानं दगा दिला.”

“नाही. वेळेत आलास.”

“मग घाल की!”

उद्धवने मोबाइल उचलला. पडदा काळाच होता. मला दिसत होता, फकिरांना दिसत होता. अंकुशला दिसत नव्हता, तो समोर उभा होता. उद्धवने चिठ्ठीवरचा एकेक आकडा पाहिला आणि त्या काळ्या काचेवर बोट टेकवलं. एक. दोन. घाई केली नाही. सहा वेळा.

“उघडलं का?”

...

“उघडलं, दादा.”

अंकुशने काठी टाकली आणि मटकन बसला. त्याच्याशेजारीच. हसायला लागला. दात दोन कमी झालेत त्याचे, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

“मला सांगितलं असतंस तर भिंतीसकट फोन आणला असता,” तो म्हणाला.

उद्धवने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली.

“आई लई चाभरी. तुझ्याशी बोलायचं असलं की मला खोलीत उभं राहू द्यायची नाही. बटण दाबून दे आणि जा म्हणायची, तुझ्या देखत बोलायला लाज वाटती. मी आपला दाराबाहेर. झालं की हाक मारायची. पाठवायचं आणि पुसून टाकायचं, फोनात जागाच नव्हती.” त्याने श्वास घेतला. “चौदातलं एक नाही ऐकलं मी. एक शब्द नाही. नऊ वर्षं म्हणतोय, काय बोलत असंल ती त्याच्याशी? माझ्या कागाळ्या करत असंल का?”

उद्धवने मोबाइल कानाला लावला. मला वाटतं, तोंड लपवायला जागा पाहिजे होती म्हणून लावला. डोळे मिटले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, त्याने पुसलं नाही.

अंकुश सरकला. आपलाही कान त्याच्या कानाजवळ नेला. काही ऐकू येईना, तेव्हा हळूच कोपराने ढोसलं.

“काय म्हणती रं?”

...

“सांग की. काय म्हणती आई?”

उद्धवने डोळे उघडले. भावाकडे नाही, फकिरांकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं.

फकिरांनी अंकुशच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“गप, अंकुश,” ते म्हणाले. “ऐकू दे त्याला.”